कुमारांसाठी क्वार्टरबॅकचं चरित्र लिहायचंय? कर्ट वॉर्नरपासून सुरुवात करा

ज्याचं आयुष्य वाचताना मूल मध्येच थांबून "पण हे झालं कसं?" असं विचारेल, तो खेळाडू निवडा. चरित्रासाठी माणूस निवडताना मी एवढी एकच कसोटी लावते. प्रसिद्धी, पदकं, पैसा यांचा विचार नंतर.

मी सेंट लुईसला राहते आणि रविवारी इथल्या मराठी वर्गात बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना शिकवते. त्यांच्या हाती द्यायला मराठीत अमेरिकन फुटबॉलवर फारसं काही सापडेना, म्हणून मी स्वतः लिहायला लागले. त्यातून जी पद्धत बसली ती इथे सांगते. उदाहरण एकच घेते, कर्ट वॉर्नर या क्वार्टरबॅकचं, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूचं. टॉम ब्रेडी या दुसऱ्या नामवंत क्वार्टरबॅकवरही लिहिता येईल. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने कॉलेजचे नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत) त्याचं नाव १९९ व्या क्रमांकावर पुकारलं गेलं, तीही गोष्ट चांगलीच आहे. पण वॉर्नरचं नाव कोणी पुकारलंच नाही. १९९४ च्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्या झाल्या, दोनशेहून जास्त खेळाडू निवडले गेले, आणि त्यात तो नव्हता. पाच वर्षांनी, वयाच्या २८ व्या वर्षी, त्याला पहिल्यांदा पूर्ण हंगाम खेळायला मिळाला तेव्हा त्याने ४१ टचडाउन पास (ज्यांवर चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे पोचतो असे पास) फेकले, एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. आता सांगा, हे झालं कसं?

अमेरिकेत ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: किराणा दुकानात फळ्यांवर डबे मांडणारा मुलगा एक दिवस सुपर बोल जिंकतो. तुम्हीही तेवढंच लिहिलंत तर चरित्र फसलं म्हणून समजा. दुकान आणि सुपर बोल यांच्या मधली वर्षं गाळली की उरतो तो चमत्कार, आणि चमत्कारातून चौदा वर्षांच्या मुलाला काही शिकता येत नाही. त्याला कारण हवं असतं.

म्हणून लिहायच्या आधी एक मोठा कागद घ्या आणि त्यावर फक्त वर्षं मांडा. माझा कागद साधारण असा होता. १९७१: आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन गावी जन्म. शाळा सीडर रॅपिड्सला. कॉलेज सीडर फॉल्सला, नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात. तिथे चार वर्षं बाकावर, पाचव्या वर्षी, १९९३ मध्ये, संघाचा मुख्य क्वार्टरबॅक. १९९४: एनएफएलच्या ग्रीन बे पॅकर्स संघाच्या सराव शिबिरात बोलावणं आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीच घरी रवानगी. त्याच वर्षी सीडर फॉल्सच्या हाय-व्ही दुकानात रात्रपाळी. १९९५ ते १९९७: आयोवा बार्नस्टॉर्मर्स हा अरीना फुटबॉलचा संघ. १९९८ चा वसंत: अॅमस्टरडॅम. १९९८ ची अखेर: सेंट लुईस रॅम्समध्ये राखीव. १९९९: सगळं काही.

कागद भरला की ज्या वर्षांबद्दल लोक सर्वांत कमी बोलतात त्यांच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करा. वॉर्नरच्या बाबतीत तो गोल १९९५ ते १९९८ वर पडतो. पुस्तकाची निम्मी पानं तिथे जायला हवीत, असं माझं ठाम मत आहे.

दुकानाचं प्रकरण लहान ठेवा, पण स्वच्छ लिहा. तासाला साडेपाच डॉलर, रात्रीची पाळी, आणि दिवसा आपल्याच जुन्या कॉलेजच्या मैदानावर मदतनीस म्हणून काम, जेणेकरून हातात चेंडू राहील. हे शेवटचं वाक्य बहुतेक लेखक गाळतात, आणि मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आणखी एक गोष्ट सांभाळा. दुकानातल्या कामाबद्दल कीव येईल असं एकही वाक्य लिहू नका. माझ्या वर्गातली मोठी मुलं सुट्टीत अशाच दुकानांत सामान पिशवीत भरायचं काम करतात आणि अभिमानाने करतात. ते काम म्हणजे 'वाईट दिवस' असं पुस्तकाने सांगितलं तर त्यांचा अपमान होतो.

आता लाल गोलाकडे. इथे लेखकाला खेळ नीट कळायला हवा, कारण वॉर्नर का जमला याचं उत्तर खेळाच्या रचनेतच आहे.

अरीना फुटबॉल हा बंदिस्त सभागृहात खेळायचा प्रकार. मैदान फक्त ५० यार्ड लांबीचं, म्हणजे साधारण ४६ मीटर. नेहमीच्या मैदानाच्या निम्मं. रुंदीही जवळपास निम्मीच. अकराऐवजी आठ-आठ खेळाडू. कडेला रेषेऐवजी गादी लावलेली भिंत. पळता पळता माणूस त्या भिंतीवर आदळतो. जागा इतकी थोडी की क्वार्टरबॅकला विचार करायला सवडच नसते. चेंडू हातात आला की तो गेलाच पाहिजे, आणि तोही दोन बचावपटूंच्या मधल्या अरुंद फटीतून. वॉर्नर हे तीन हंगाम खेळला. त्याच्या संघाने १९९६ आणि १९९७ मध्ये अरीना बोलची अंतिम फेरी गाठली आणि दोन्ही वेळा हरला. त्या काळात शेकडो वेळा त्याने तोच एक निर्णय घेतला: बघ, ठरव, फेक. मग १९९९ मध्ये तो मोठ्या मैदानावर उतरला तेव्हा त्याचा चेंडू इतरांपेक्षा लवकर सुटायचा, यात नवल काय?

तुमच्या पुस्तकातलं कारण ते हेच. ते सापडलं की बाकीची प्रकरणं आपोआप रांगेत उभी राहतात.

मुलांना हे वाचून पटत नाही, करून पटतं. म्हणून या प्रकरणाच्या शेवटी एक खेळ द्या. अंगणात तीन मित्र तीन दिशांना पळतात, चौथा चेंडू घेऊन उभा, पाचवा मोठ्याने "एक, दोन, तीन" मोजत त्याच्याकडे धावत येतो. तीन म्हणायच्या आत चेंडू मोकळ्या मित्राकडे गेला पाहिजे. मग अंगण निम्मं करा आणि पुन्हा खेळा. आमच्या वर्गातल्या मुलांनी हे गाड्यांच्या रिकाम्या तळावर केलं आणि त्यानंतर अरीनाबद्दल मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

अॅमस्टरडॅमचं प्रकरण कोणी टाळू नये. एनएफएलची तेव्हा युरोपात एक लीग होती. अॅमस्टरडॅम अॅडमिरल्सचे प्रशिक्षक अल लुगिनबिल यांना वॉर्नर हवा होता, पण त्यासाठी आधी एनएफएलमधल्या कुठल्यातरी संघाने त्याच्याशी करार करायला हवा होता. एकामागून एक संघांनी नकार दिला. होकार रॅम्सचा आला. वॉर्नर हॉलंडला गेला आणि त्या हंगामात पासने मिळवलेले यार्ड आणि टचडाउन दोन्हींत लीगमध्ये पहिला आला. परतल्यावर रॅम्सच्या राखीव खेळाडूंत बसला. १९९८ च्या पूर्ण हंगामात त्याला फक्त एका सामन्यात ११ पास फेकायला मिळाले, त्यातले ४ पोचले. त्यानंतर क्लीव्हलँड ब्राउन्स हा संघ नव्याने उभा राहत होता, तेव्हा रॅम्सनी 'यातला हवा तो घ्या' म्हणून जी नावं पुढे केली त्यांत वॉर्नरचंही होतं. ब्राउन्सनी त्याला घेतलं नाही. मुलांना हा प्रसंग वाचून दाखवला की वर्गात गलका होतो. गलका होऊ द्या, पण लेखक म्हणून तुम्ही मात्र कोणाला मूर्ख ठरवू नका. त्या दिवशी ब्राउन्सना जे दिसत होतं ते एवढंच होतं: ११ पैकी ४.

खेळाचे नियम कुठे सांगायचे? पहिल्या प्रकरणात मुळीच नाही. नियमांचं प्रकरण आधी टाकलं की मूल पुस्तक मिटतं. गोष्टीला जेव्हा नियमाची गरज पडेल तेव्हाच तो सांगा, आणि एका वेळी एकच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, हे वॉर्नर कॉलेजच्या बाकावर बसून सामना बघतोय तिथे सांगता येतं. टचडाउनला सहा गुण, हे पहिल्या टचडाउनला. वाचणारी मुलं दोन प्रकारची आहेत हेही लक्षात ठेवा. इथे वाढलेल्या मुलांना खेळ येतो, मराठी अडखळत येतं. कोल्हापूरच्या मुलाला मराठी उत्तम येतं, पण त्याचा फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील तालीम, पायाने मारायचा गोल चेंडू. त्याला पहिल्याच पानावर सरळ सांगा की हा खेळ वेगळा, चेंडू लांबट, आणि तो बहुतेक वेळ हातात असतो. एवढं सांगून पुढे चला. क्रिकेटशी तुलना करायचा मोह फार होतो, करू नका. फलंदाज, यष्टिरक्षक आणि कर्णधार एकत्र केला की क्वार्टरबॅक होतो वगैरे लिहिलं की ना क्रिकेट धड राहतं, ना फुटबॉल.

क्वार्टरबॅक करतो काय, हे समजवायला व्याख्या लिहू नका, एकच खेळी निवडा आणि ती सेकंदासेकंदाने लिहा. मी ३० जानेवारी २००० चा सुपर बोल निवडला. अटलांटाचं जॉर्जिया डोम, समोर टेनेसी टायटन्स. रॅम्स १६-० ने पुढे होते, टायटन्सनी १६-१६ बरोबरी केली. माझ्या मसुद्यातला तुकडा असा आहे:

"सामना संपायला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ आहे. वॉर्नरच्या हातात चेंडू येतो आणि तो मागे सरकतो. खेळीच्या नावात तीन नऊ आहेत: नऊ म्हणजे सरळ पुढे पळ, जितकं पळता येईल तितकं. रॅम्सचा आयझॅक ब्रूस उजव्या कडेने सुसाट निघालाय. इकडे टायटन्सचा जेव्हॉन कर्स वॉर्नरच्या अंगावर येतोय. वॉर्नरला तो दिसतो. तरी तो हलत नाही. चेंडू सुटतो त्याच क्षणी कर्स त्याला धडकतो. धक्क्याने चेंडू जरा आखूड पडतो. ब्रूस मान वळवून पाहतो, पाय रोवतो, मागे येतो, चेंडू घेतो. त्याच्या पाठीमागे धावणाऱ्या बचावपटूला चेंडू दिसलेलाच नाही. ब्रूस आत वळतो आणि रेषेपलीकडे जातो."

७३ यार्ड, जवळपास ६७ मीटर. या तुकड्यात 'धैर्य' हा शब्द कुठेच नाही, हे बघा. गुणांची नावं घेऊ नका. कर्स येतोय, तो दिसतोय, आणि तरी वॉर्नर उभा आहे, एवढं दाखवलंत की मुलं तो शब्द स्वतः शोधतात. आणि ब्रूसचं श्रेय ब्रूसलाच द्या. आखूड पडलेला चेंडू त्याने सावरला म्हणून ते टचडाउन झालं.

श्रेयावरून आठवलं. क्वार्टरबॅकच्या चरित्रांत हा दोष हटकून आढळतो: सगळा संघ त्याच्यामागे धूसर होतो. १९९८ मध्ये रॅम्स १६ पैकी ४ सामने जिंकले होते, १९९९ मध्ये १३ जिंकले. हा बदल एकट्या वॉर्नरने घडवला नाही. मार्शल फॉक त्याच वर्षी संघात आला होता आणि धावून व झेलून मिळून त्याने २,४२९ यार्ड काढले. तेव्हा तो विक्रम होता. पास झेलणारा टोरी होल्ट नवा होता. ऑर्लँडो पेस समोर भिंत होऊन उभा राहायचा म्हणून वॉर्नरला फेकायला वेळ मिळायचा. माइक मार्ट्झ यांनी आखलेली आक्रमणाची पद्धतच मुळी झटपट आणि लांब पास फेकणाऱ्यासाठी होती. आणि ट्रेंट ग्रीन? तो मुख्य क्वार्टरबॅक. ऑगस्ट १९९९ मध्ये सराव सामन्यात त्याचा गुडघा गेला, म्हणून वॉर्नरला जागा मिळाली. ग्रीनला एक पूर्ण पान द्या. एकाची संधी दुसऱ्याच्या दुखापतीतून आली, हे कुमारवयात कळायला हरकत नाही. शाळेच्या संघात त्यांनी ते पाहिलेलं असतं. प्रशिक्षक डिक व्हर्मील पत्रकारांसमोर आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांनी सांगितलं की आता आम्ही कर्ट वॉर्नरच्या पाठीशी उभे राहू आणि चांगलं फुटबॉल खेळू.

असे उद्गार वापरताना मी एक नियम पाळते. जे शेकडो लोकांसमोर बोललं गेलं तेच लिहायचं. घरातले, गाडीतले, मनातले संवाद रचायचे नाहीत, मग प्रसंग कितीही कोरडा वाटो. मुलांच्या पुस्तकात थोडं रचलं तर चालतं असं काही जण मानतात. मला ते मान्य नाही. मूल हे पुस्तक खरं समजून वाचतं, आणि पुढे मोठेपणी त्याला तो संवाद कुठेच सापडला नाही तर त्याचा आपल्या सगळ्याच पुस्तकांवरचा विश्वास उडेल. आकडे सामन्याच्या गुणपत्रकावरून ताडून घ्या. आठवणी कोणाच्या आहेत ते सांगून टाका: "वॉर्नर सांगतो की..." एवढे तीन शब्द पुरतात.

घरच्या गोष्टींबाबत हात हलका ठेवा. ब्रेंडाशी त्याची भेट झाली तेव्हा तिला आधीची दोन मुलं होती. ती पूर्वी मरीन दलात होती. तिच्या मोठ्या मुलाला तान्हेपणी झालेल्या अपघातात डोक्याला मार बसला आणि दृष्टी जवळजवळ गेली. १९९६ मध्ये आर्कान्सातल्या टॉर्नेडोत, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळात, ब्रेंडाचे आईवडील गेले. वॉर्नरने लग्नानंतर दोन्ही मुलांना दत्तक घेतलं. हे सगळं त्या कुटुंबानेच जगाला सांगितलेलं आहे, म्हणून लिहायला अडचण नाही, पण रडवायला लिहू नका. साधी वाक्यं लिहा आणि पुढच्या प्रसंगाकडे वळा. त्याची ख्रिस्ती श्रद्धाही लपवू नका. आपले वाचक बहुतेक वेगळ्या घरांतून येतात म्हणून काही लेखक ती गाळतात. पण सुपर बोल जिंकल्यावर त्याने सर्वांत आधी येशूचे आभार मानले. तो असा माणूस आहे, तर पुस्तकातही तसाच असायला हवा.

आणि पुस्तक २००० सालच्या त्या रात्री संपवू नका. मी हे शहर तेव्हा पाहिलंय. अनोळखी माणसं रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारत होती. आणि दोनच वर्षांनी, २००२ च्या सुपर बोलमध्ये, तोच वॉर्नर ब्रेडीच्या पेट्रियट्सकडून २०-१७ असा हरला, तेही पाहिलंय. पुढचं तर आणखी अवघड. २००२ च्या हंगामात बोट मोडलं, ३ टचडाउन आणि ११ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास). २००३ च्या पहिल्याच सामन्यात सहा वेळा हातून चेंडू निसटला आणि डोक्याला मार बसला. जागा मार्क बल्जरकडे गेली. न्यूयॉर्क जायंट्समध्ये गेला तर हंगामाच्या मध्यात त्याच्या जागी नवखा इलाय मॅनिंग आला. मग अॅरिझोना. तिथे ३७ व्या वर्षी तो कार्डिनल्सना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. फेब्रुवारी २००९, टँपा. पहिल्या अर्ध्याच्या शेवटी त्याचा पास पिट्सबर्गच्या जेम्स हॅरिसनने अडवला आणि १०० यार्ड पळत जाऊन टचडाउन केलं. सामना २७-२३ असा हातून गेला. माझ्या वर्गातल्या मुलांना पुस्तकातलं सर्वांत आवडतं प्रकरण हेच आहे, जिंकल्याचं नव्हे. कारण विचारलं तर आठवीतली एक मुलगी म्हणाली, "मावशी, यात पुढे काय होणार ते आधी कळत नाही."

एक गोष्ट कटाक्षाने लिहा: डोक्याला बसणारे मार. शेवटच्या हंगामात त्या कारणाने त्याला एक सामना बाहेर बसावं लागलं. जानेवारी २०१० मध्ये न्यू ऑर्लीन्सविरुद्ध एक फार जोराचा धक्का बसला आणि त्याच महिन्यात त्याने निवृत्ती जाहीर केली. कंकशन (माराने मेंदूला बसणारा धक्का) म्हणजे काय, त्याची लक्षणं कोणती (डोकेदुखी, चक्कर, मळमळ, धूसर दिसणं, आत्ताचंच न आठवणं), आणि असं वाटलं तर तत्काळ खेळ थांबवून मोठ्या माणसाला का सांगायचं, हे चौकटीत द्या. हा खेळ आपली मुलंही खेळतात. ही चौकट नसलेलं पुस्तक मी वर्गात ठेवणार नाही.

मसुदा झाला की मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि कागदाकडे कमी, त्यांच्याकडे जास्त बघा. नजर खिडकीकडे गेली त्या ओळीशी खूण करा. माझ्या अनुभवात त्या खुणा बहुतेक वेळा सलग तीन आकडे आलेल्या जागी पडतात, नाहीतर लेखिका उपदेश करू लागते तिथे. आकडे शेवटच्या पानावर हलवा, उपदेश काढून टाका.

त्या शेवटच्या पानावर कोष्टक द्या: एनएफएलचे १२४ सामने, ३२,३४४ यार्ड, २०८ टचडाउन पास, १२८ इंटरसेप्शन, २०१७ मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात समावेश. इंटरसेप्शनचा रकाना गाळू नका, आणि अरीना व अॅमस्टरडॅमच्या हंगामांना त्याच कोष्टकात, एनएफएलच्या वरच्या ओळींत जागा द्या.